शुक्रवार पेठेतला वाडा: भाडेकरूंना मदत नेमकी कशाची हवी?

टोरांटोहून, सोमवार

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या ज्या वाड्यात माझी मावशी भाड्याने राहते, त्याची रस्त्याकडची भिंत परवाच्या पावसात ढासळली. अंबाबाईची कृपा, माणसं वाचली. महापालिकेने धोकादायक म्हणून वाडा रिकामा करायला लावला. मावशी लेकीकडे गेली, बाकीची बिऱ्हाडं नातेवाइकांकडे आणि शाळेत आहेत. आपल्या टोरांटोच्या मंडळाच्या मदतनिधीतून धान्य आणि भांडी पाठवावीत असं मला वाटतं. दादा, तुम्ही सध्या कोल्हापुरातच आहात, जाऊन बघाल का?

कोल्हापुरातून, बुधवार

ताई आणि मंडळी,

काल जाऊन आलो. धान्य नको. जेवणाची सोय तालमीच्या पोरांनी पहिल्याच रात्री केली, अजून डबे येताहेत. भाडेकरूंची खरी भीती वेगळी आहे. तुमच्या मावशींच्या शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "भिंत पडली ती पडली बाळा, पण कागदावर सही मागत्यात, त्येचं काय करू?"

कागद बघितला. ‘जागा स्वखुशीने सोडत आहे, यापुढे काही हक्क राहिला नाही’ अशा अर्थाचा मजकूर आहे. कृपा करून मावशींना आजच फोन करा आणि वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नका म्हणून सांगा.

जिवाला धोका असल्यामुळे महापालिकेच्या नोटिशीवरून घराबाहेर पडणं वेगळं आणि भाडेकरूपण सोडणं वेगळं. इमारत पडली तरी भाडेकरूपण आपोआप संपत नाही, कारण त्याखालची जमीनही भाडेपट्ट्याचा भाग असते, असं सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात सांगितलं आहे. आपल्याकडचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. दुरुस्तीसाठी जागा खाली करून घेतली तर परत येण्याची आणि पाडून नवी बांधली तर तिथे जागा मिळण्याची तरतूद त्यात आहे. पण त्यासाठी अटी आणि मुदती पाळाव्या लागतात, आणि सही करून दिली की हे सगळं पाण्यात.

वाडा आतून बघू दिला नाही, ते योग्यच. बाहेरून दिसतं ते असं: खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीत रचलेल्या विटा, सागवानी तुळया, मागे खापरीच्या जागी पत्रा. मातीत रचलेल्या भिंतीत पाणी मुरलं की तिची ताकद जाते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत या वाड्यात पाणी उभं होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट; त्या दोन्ही वर्षी नदी 55 फुटांच्या वर गेली होती. तेव्हा तळाच्या भिंतींची नीट दुरुस्ती व्हायला हवी होती. झाला तो फक्त वरून गिलावा.

घरमालकांचंही ऐकलं. ते म्हणतात, महिना 200 रुपये भाड्यात दुरुस्ती कुठून करू? हा प्रश्न खोटा नाही. दुरुस्ती ही त्यांचीच जबाबदारी. त्यांनी नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा असं कायदा म्हणतो, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. 200 रुपये भाड्याला ते होतात वर्षाचे 600 रुपये! त्यात भिंत काय, एक खिडकी होत नाही. मुंबई शहरात जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचं, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेचं, दुरुस्ती मंडळ आहे, तात्पुरतं राहायला संक्रमण शिबिरं आहेत. तसं काही कोल्हापूरच्या पेठांना नाही, आणि मला याची फार चीड येते. इथला माणूस बाहेर पडला की थेट नातेवाइकाच्या ओसरीवर.

आणि लांब जाऊन या भाडेकरूंचं भागत नाही. एक जण गुजरीत सोन्याचं काम करतात, एक बाई कपिलतीर्थ मार्केटात भाजी विकतात, एकीकडे महाद्वार रोडवरच्या घरांची पोळ्यांची कामं आहेत. शहराच्या कडेला पाचगाव-फुलेवाडीला खोली स्वस्त मिळेल, पण पहाटेची भाजी घेऊन बाजार गाठायचा कसा? स्वस्त आणि गावात, दोन्ही असलेली जागा म्हणजे हेच वाडे होते.

म्हणून माझं म्हणणं असं की पैसे अनामत आणि पहिल्या काही महिन्यांच्या भाड्यासाठी द्या, तेही पेठेच्या आसपासच्या खोल्यांसाठी. दुसरं, कागद. प्रत्येकाच्या भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड यांचे फोटो आपण काढून ठेवू. पंचनाम्याची प्रत आणि प्रत्येक खोलीचं मोजमाप वाडा उतरवण्याआधी लेखी मिळायला हवं. एकदा ढिगारा उचलला की कुणाची खोली केवढी होती याचा वाद घालत बसावं लागेल. जुनं भाडं थकू द्यायचं नाही. मालक घेत नसतील तर बँकेतून पाठवून पुरावा ठेवायचा.

वकिलाच्या खर्चाची भीती नको. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उद्या हायकोर्टात जायची वेळ आली तरी ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथेच आहे, मुंबईच्या खेपा नाहीत.

पैशांबाबत एक सांगून ठेवतो. मंडळाच्या खात्यातून इथल्या संस्थेला द्यायचे तर ती एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीची हवी. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ते परकीय योगदान धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचं मात्र धरतात. कोण कुठल्या गटात आहे ते आधी बघा.

टोरांटोहून, बुधवार रात्री

दादा, मावशीशी बोलले. तिने सही केलेली नाही, पण शेजारच्या दोघांनी केली आहे म्हणाली. त्यांना उद्या बावड्याला घेऊन जाल का? माझा पासपोर्ट भारतीयच आहे, भाजीवाल्या मावशींच्या खोलीची अनामत मी भरते. खोली बघून आकडा कळवा. पावत्यांचे फोटो मला पाठवा, मी नावनिशीवार लावून ठेवते. धान्याचा ठराव मागे घ्यावा अशी कार्यकारिणीला विनंती.