सेलिग्मन आणि जुना ‘रूट 66’: वाट वाकडी करून जावे का?

प्रश्न
नमस्कार. आम्ही अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्सला राहतो. मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून येत आहेत आणि ग्रँड कॅन्यन पाहून झाल्यावर इंटरस्टेट 40 या महामार्गाने किंगमनकडे जाण्याचा बेत आहे. वाटेतल्या सेलिग्मन या छोट्या गावात ‘रूट 66’ या जुन्या महामार्गाचा मोठा गौरव होतो असे ऐकले, पण छायाचित्रांत मला रंगीत पाट्या, जुन्या मोटारी आणि भेटवस्तूंची दुकाने एवढेच दिसले. बाबांची सारी नोकरी एसटीत झाली. त्यांना दाखवण्यासारखे तिथे काही आहे का?

प्रतिसाद 1
अवश्य जा, आणि सर्वांत आधी एंजेल डेल्गादियो यांचे सलून पाहा. शिकागोला लॉस एंजेलिसशी जोडणारा हा मार्ग 1926 मध्ये अस्तित्वात आला आणि त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर सेलिग्मनचे पोट चालत असे. 22 सप्टेंबर 1978 रोजी इंटरस्टेट 40 गावाला वळसा घालून सुरू झाला आणि रात्रंदिवस वाहणारी रहदारी एका दिवसात आटली. 1985 मध्ये तर ‘66’ हा क्रमांकच रद्द झाला. 1927 मध्ये याच गावात जन्मलेल्या आणि वडिलांचाच व्यवसाय पुढे चालवणाऱ्या एंजेल यांनी फेब्रुवारी 1987 मध्ये सेलिग्मन-किंगमनच्या मोजक्या लोकांना एकत्र आणून संघटना उभारली. तिच्या पाठपुराव्यामुळे ॲरिझोना राज्याने त्याच वर्षी सेलिग्मन ते किंगमन हा टप्पा ‘ऐतिहासिक’ म्हणून घोषित केला. त्या सलूनच्या भिंतींवर जगभरच्या प्रवाशांनी डकवलेली व्हिजिटिंग कार्डे पाहिली, की एका न्हाव्याने गाव कसे तगवले ते उमगते. त्यांचे बंधू हुआन यांनी 1953 मध्ये रेल्वेच्या टाकाऊ लाकडांतून उभारलेले ‘स्नो कॅप’ हे खाद्यगृहही तिथेच आहे. मेच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास ‘फन रन’ असतो. 1988 पासून जुन्या गाड्यांचा हा ताफा सेलिग्मनहून निघून कोलोरॅडो नदीकाठच्या टोपॉकपर्यंत जातो. त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात.

प्रतिसाद 2
वरील माहितीत एक भर घालतो. सेलिग्मनला गाडी वळवून तिथूनच पुन्हा इंटरस्टेटला लागू नका, किंगमनपर्यंत जुन्या रस्त्यानेच जा. तो उत्तरेकडे वळसा घेत सुमारे 140 किलोमीटर जातो आणि वाटेत वालापाई या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांचे मुख्य गाव पीच स्प्रिंग्ज लागते. महामार्ग दूर गेल्याचा फटका त्यांनाही बसला, पण उत्सवाच्या वर्णनांत त्यांचे नाव क्वचितच येते याचे मला वाईट वाटते. पुढे व्हॅलेंटाइनला वालापाई मुलांच्या निवासी शाळेची लाल विटांची इमारत उभी आहे. तिथे थोडे थांबावे.

प्रतिसाद 3
रस्त्याकडेला ओळीने येणाऱ्या ‘बर्मा-शेव्ह’ या दाढीच्या क्रीमच्या जाहिरातींच्या यमकबद्ध पाट्या मुलांना आवडतील. मात्र त्या कंपनीने आपल्या काळात ॲरिझोनात अशा पाट्या लावल्या नव्हत्या. आजच्या पाट्या नंतर हौसेने उभारलेल्या आहेत, हे बाबांना सांगून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांना फोनवर सारे वाचून दाखवले. “रहदारी गेली त्या आठवड्यात पेट्रोल पंपावरच्या पोरांनी काय केले?” असे त्यांनी लगेच विचारले. पीच स्प्रिंग्जच्या वाटेनेच जाऊ, आणि हा प्रश्न बाबाच सलूनमध्ये विचारतील.