१८ वर्षांखालच्या पोरांना मोबाईलबंदी : आपल्या गावात ठराव घ्यावा का?

पारावरचा भाऊ
राजेहो, येत्या ग्रामसभेत हा विषय टाकतो म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यात बान्सी गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाईल बंद, असा ठराव घेतला. कोरोनात अभ्यासासाठी हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, हे कारण. आपल्याकडं वेगळं काय आहे? दहावीच्या पोट्ट्याला साधा अर्ज लिही म्हटलं तर फोनसमोर बोलून टाइप करते. हातानं चार ओळी लिहिणं होत नाही. लहान्यांना तर व्हिडीओ लावल्याशिवाय घास उतरत नाही.

जागलकर
आपला विरोध हाय भाऊ. पोट्ट्यांवर बंदी, अन् बापाचं काय? रमीत कापसाचे पैसे कोणं घातले, पोट्ट्यानं? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो काय नववीच्या वर्गासाठी केला?
अन् फोन म्हणजे नुसते रील नाही. रात्रीची लाईन आली का मी घरूनच मोबाईल स्टार्टरनं मोटर चालू करतो. आधी साप-इच्चू तुडवत विहिरीवर जा लागे. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली. वावरात उभं राहून फोटो टाका. माह्या बाबाले ते जमत नाही, अकरावीतला नातू करून देते. सीसीआयले, म्हंजे सरकारी खरेदीले, कापूस द्याचा तर २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲप. तुमचा ठराव झाला तर बाबाची नोंदणी सरपंच करन का?

निवृत्त मास्तर
जागलकर, पीक नोंदवायला किती वेळ लागतो? रात्री बारापर्यंत कोणतं पीक नोंदवता? वर्तमानपत्र संपतं, दंडारीचा खेळ पहाटे का होईना संपतो. रील संपतच नाही, कारण बनवणाऱ्यानं त्याला शेवट ठेवलेलाच नाही. तुम्हा-आम्हाला आवरत नाही ते बारा वर्षांच्या मुलानं आवरायचं?
तरी नुसती बंदी मलाही पटत नाही. पोरं चोरून बघतील. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा सुरू केला. दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, लहान-थोर सगळ्यांना. ते करून पाहा.

अंगणवाडीची ताई
मास्तर, सातचा भोंगा पुरुषांनी ठरवला असं वाटते. आमच्या वस्तीत बऱ्याच घरी स्मार्टफोन एकच, तो दिवसभर घरधन्याच्या खिशात. बाईच्या हाती तो सांजेलाच येते. माहेरी आईचं तोंड पाहायचं तर तेव्हाच. नेमका तोच वेळ तुम्ही बंद करता.
माझं तर पोषण ट्रॅकर ॲपचं काम आहे. दिवसा रेंज नसते, मग पोरांची वजनं-उंच्या रात्री छतावर उभी राहून भरते. घरी पोराला म्हणते, ठेव तो फोन. तो म्हणते, आई, तू आधी ठेव. सरकारी काम आहे म्हटलं तर हसते.
फोननं बिघडलं नाही असं मात्र मी म्हणत नाही. आता मयत झाली तरी ग्रुपवर दोन हात जोडले की लोक मोकळे. दारात येऊन बसत नाही कोणी. ते करणारे १८ च्या आतले नाहीत, एवढं लक्षात घ्या.

पारावरचा भाऊ
ताई, वेळेचं डोक्यात आलं नव्हतं. मग भोंगा रात्री नऊनंतर ठेवू? अन् पहिलं कलम मोठ्यांचं : ग्रामसभेत अन् मयतीच्या घरी फोन खिशाबाहेर निघणार नाही. पोरांचं कलम दुसरं.

जागलकर
नऊनंतर लाईन येते भाऊ, मोटरीचं पाहा लागते. पहिल्या कलमाले मात्र माही सही धरा. पण ग्रामसभेचा कोरम कुठून आणसान? मांगची सभा तहकूब झाली. तिची सूचना तुम्हीच ग्रुपवर टाकली होती. साऱ्यायनं अंगठा देला, आले नऊ जण.