मदत हवी आहे: नोकरी शोधणाऱ्यांसाठी मोबाइल अ‍ॅप, मुलं फॉर्मपाशीच थांबतात

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. इथल्या महाल भागात नऊ वर्षं टायपिंग आणि एमएस-सीआयटीचे क्लास घेतले. सर्टिफिकेट घेऊन गेलेली मुलं चार-सहा महिन्यांनी पुन्हा दारात यायची, "मॅडम, कुठं काही काम असलं तर सांगा ना" म्हणत. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यात बसली आहे. धाकटा भाऊ अ‍ॅप बनवतो. त्याला सोबत घेऊन दहावी, बारावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी फक्त नागपूरपुरतं नोकरीचं अ‍ॅप तयार केलंय. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इथल्या कारखान्यांची कामं, थोडी मिहानची (विमानतळाजवळचा औद्योगिक भाग), थोडी इतवारी-सीताबर्डीच्या दुकानांतली. अजून चाचणीच चालू आहे.

अडचण अशी की मुलं अ‍ॅप उघडतात, ओटीपी टाकतात आणि माहितीचा फॉर्म आला की सोडून देतात.

मागच्या आठवड्यात एका आयटीआयच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसले आणि एकेक करून सहा जणांच्या हातात माझा फोन दिला. काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं असं ठरवलं होतं.

एक मुलगा वायरमनचा. नाव, वस्ती, ट्रेड पटापट भरलं. मग 'अनुभव (वर्षे)' हा रकाना आला आणि अंगठा थांबला. 0 टाकलं, पुसलं, पुन्हा 0 टाकलं आणि फोन मला परत दिला. "मॅडम, माह्याकडं अनुभव नाही, मले कोण घेईन?" बोलता बोलता कळलं की तीन लग्नसराया तो मंडपाच्या लाइटिंगवर जातोय आणि वस्तीतल्या निम्म्या घरांचे कूलर तोच दुरुस्त करतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद कूलर चालू करून देणं हा अनुभव नाही तर काय? त्याच्याजवळ एवढं काम असताना आमच्या एका रकान्याने त्याला रिकामं ठरवलं. घरी येईपर्यंत तेच मनात होतं.

दुसरी कामठीची, कोपा (आयटीआयचा कॉम्प्युटरचा ट्रेड) झालेली. बुटीबोरीचं एक काम तिला आवडलं, पगारही पटला. अर्जाच्या बटणापर्यंत बोट नेलं आणि म्हणाली, "बस कुठून घेते हे तं लिहिलंच नाही." कामठी उत्तरेला, बुटीबोरी दक्षिणेला, मेट्रो खापरीपर्यंत. आम्ही अंतर किलोमीटरमध्ये दाखवत होतो. तिला चौक हवा होता. कंपनीची बस ऑटोमोटिव्ह चौकातून निघते का आणि दुसरी पाळी सुटल्यावर तिथेच परत सोडते का, एवढंच तिला पाहायचं होतं.

कामं निवडायला आम्ही गाळणीचं चिन्ह दिलं होतं. सहापैकी एकानेही त्याला हात लावला नाही. आणि त्यांतल्या तिघांच्या घरी प्रत्येकी एकच फोन, तोही बहुतेक वेळ वडिलांच्या खिशात.

तर मला विचारायचंय ते हे. कामं आधी दाखवावीत की फॉर्म आधी भरून घ्यावा? भाऊ म्हणतो, माहितीच नसेल तर जुळणारी कामं दाखवायची कशी. 'अनुभव' या रकान्याऐवजी काय विचारावं? पगार नेमका कसा लिहावा? आणि काही फोनवर बटणातल्या अक्षरांच्या वरच्या मात्रा कापल्या जातात, त्याचं काय करावं?

प्रतिसाद 1

ताई, मी हिंगण्याला एका कारखान्यात एचआरला आहे, म्हणून पगाराचं सांगतो. जाहिरातीत 15,000 वाचून आलेला मुलगा पहिल्या पगाराला भांडायला येतो. पूर्ण रकमेवर पीएफ कापला तर 12 टक्क्यांनी 1,800 जातात. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, 0.75 टक्के, म्हणजे 113. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात येतात 12,887. बाईमाणसाला 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात 13,087. तुम्ही 'हातात' हाच शब्द मोठ्या अक्षरात लिहा आणि कपात त्याच्या खाली. ईएसआयसी कापली म्हणजे घरच्यांच्या दवाखान्याची सोय झाली, हेही एका ओळीत सांगा. पोरांना ती कपात नुसता तोटा वाटते.

कँटीन आहे का, ओव्हरटाइम मिळतो का, पगार कोणत्या तारखेला होतो, हेही लिहा. मुलाखतीला आलेले सगळे हेच विचारतात.

प्रतिसाद 2

मूळचा सक्करदऱ्याचा, सध्या पुण्यात हेच डिझाइनचं काम करतो. कामं आधी, यात मला शंका नाही. सुरुवातीला दोनच गोष्टी विचारा: काय शिकलात आणि कोणत्या चौकातून निघाल. तेवढ्यावर भावाची जुळवणी होते. नाव, नंबर, ओटीपी हे सगळं 'मला हे काम हवंय' दाबल्यावर. काम डोळ्यांसमोर असलं की माणूस फॉर्म भरतो.

मात्रांचं कारण सोपं आहे. बटणाची उंची इंग्रजी अक्षरं धरून बांधलेली असते. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं येतात. उंची ठरावीक ठेवू नका, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरा आणि 'र्कीं', 'ट्ठू' असली अक्षरं टाकून तपासा. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मुक्त हा फॉन्ट मोफत आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. बटण 48 डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) लहान नको. फिकट राखाडी अक्षरं काढून टाका. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5 ला 1 इतका उजेडाचा फरक (काँट्रास्ट) हवा, आपल्याकडच्या उन्हात तर त्याहून जास्त.

सहा जणांवर तपासलंत ते पुरेसं आहे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी 2000 मध्येच लिहिलंय की पाच जणांत बहुतेक चुका सापडतात. दुरुस्त करून पुन्हा पाच जण बसवा.

प्रतिसाद 3

माझ्या मुलाकडून 'रजिस्ट्रेशन फी' म्हणून 2,500 घेतले आणि नंतर तो नंबर बंद झाला. कृपा करून प्रत्येक कामाखाली लिहा की नोकरीसाठी पैसे द्यायचे नाहीत, आणि सायबर तक्रारीचा 1930 नंबरही द्या. दहावीनंतर आयटीआयला गेलेली बरीच मुलं 18 च्या आतली असतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, तेही बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, 'हातात'चा हिशेब तसाच्या तसा घेतेय. फीची सूचना आणि 1930 कालच टाकले. पालकांच्या संमतीचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ती सोय होईपर्यंत 18 च्या आतल्यांना कामं दिसतील, पण त्यांची माहिती घेणार नाही.

'अनुभव' रकाना काढला. त्या जागी प्रश्न ठेवलाय, "आतापर्यंत कोणकोणती कामं केली आहेत?" आणि खाली दाबायला चित्रं: मंडप-लाइटिंग, कूलर-पंखे दुरुस्ती, केटरिंग, दुकानात विक्री, शिवणकाम, शेतीची कामं. लिहायचं काही नाही. हवं तर बोलून सांगता येईल. वायरमनच्या मुलाला परत बोलावलं होतं. त्याने चार चित्रं दाबली आणि अर्ज पाठवला.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. मुलींना रात्रपाळी चालेल का, हे विचारायचं कसं? 'नाही' म्हटलं तर मालक तिचा अर्ज बाजूला ठेवेल अशी भीती वाटते, न विचारावं तर तिची फेरी वाया जाते. सध्या मी उलटं करून पाहतेय: मुलीला काही विचारायचंच नाही, पाळी सुटायची वेळ आणि परतीची बस मालकानेच भरायची, ती भरल्याशिवाय जाहिरात दिसणार नाही. मालक हे भरतील का? बुटीबोरीत भरतीचं काम पाहणारं कोणी असेल तर कृपया सांगा. शनिवारी नव्या पाच जणांना घेऊन त्याच टपरीवर बसणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.