आयमारा गावातल्या सेवेच्या आठवणी: पुढच्या सिस्टरांच्या वहीत काय घ्यावं?

सुरंगी_वेंगुर्ले
आमच्याकडच्या दोन सिस्टर बोलिव्हियात, तितिकाका सरोवराजवळच्या आयमारा (तिथले मूळ लोक नि त्यांची भाषा) गावांत दोन वर्षांसाठी जायच्या आहेत. तिथे सेवा करून आलेल्या वयस्क सिस्टर-फादरांच्या आठवणी मी वहीत उतरवून घेतेय, पण "थंडी फार, माणसं मायाळू" यापुढे गाडी सरकत नाही. दर्याकाठावरून उठून ३,८०० मीटरवर राहायला जाणाऱ्याच्या कामी येईल असं त्यांना काय विचारू? गोष्टी नकोत, नेमकं सांगा.

खाडीपलीकडे
आधी टप्पे विचारा. ला पाझसाठीचा एल आल्तो विमानतळ ४,००० मीटरच्या वर आहे. कोकणातून थेट तिथे उतरलं की पहिल्याच रात्री डोकं ठणकतं. स्पॅनिश शिकावीच लागते, तर ते महिने कोचाबांबात काढावेत. ते साधारण २,५५० मीटरवर आहे, म्हणजे शरीरही तयार होतं. वर गेल्यावर दोन-तीन दिवस चढ नको, जड जेवण नको, पाण्याच्या बादल्या उचलणं नको. असेटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळायची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. साधी डोकेदुखी विश्रांतीने जाते. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर उजाडायची वाट न बघता खाली उतरवायचं.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या आणि कार्ड जपा. परतताना ते नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात.

आंबोळी
भाषेवर मात्र वहीची निम्मी पानं द्या, कारण मराठी माणसाला इथे जो आधार आहे तो स्पॅनिश बोलणाऱ्याला नाही. आपल्यासारखंच आयमारात "आपण" आणि "आम्ही" वेगळं आहे. हिवासा (लिहितात jiwasa) म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण, नानाका म्हणजे त्याला वगळून आम्ही. स्पॅनिशमध्ये दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे स्पॅनिशमधून शिकणारे हटकून अडखळतात. प्रार्थनेत देवाशी बोलताना नानाका, कारण "आम्हा पाप्यांत" देव येत नाही. गावाला "आपण सगळी देवाची लेकरं" सांगताना हिवासा. मराठीत आधी वाक्य म्हणून बघा, चूक होणार नाही.

दुसरा आधार "म्हणे"चा. स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून कळलेलं आयमारात क्रियापदाच्या रूपातच वेगळं होतं. न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगितलं की माणूस थापाड्या ठरतो. शुभवर्तमानातला प्रसंग सांगताना ऐकीव रूपच वापरायचं. कितीतरी परदेशी लोकांची विश्वासार्हता इथेच गेली.

उच्चारांत त आणि थ आपल्याला आयते येतात. अडतं ते तिसऱ्या त वर: श्वास रोखून, कंठ आवळून फोडलेला. तान्ता हा "गोळा करणे"चा धातू, थान्था म्हणजे जुनं-फाटकं, आणि दोन्ही त फोडून म्हटलं तर पाव. सराव ओठांसमोर कागद धरून करा: थ ला कागद हलतो, फोडलेल्या त ला टक् असा आवाज होतो पण कागद जवळपास हलत नाही. क, च आणि प यांचीही अशीच त्रिकुटं आहेत, शिवाय पडजिभेजवळून येणारा आणखी एक क.

येशूसंघाचे लुदोविको बेर्तोनियो यांचा आयमारा कोश १६१२चा, म्हणजे फादर स्टीफन्सच्या मराठी पुराणाच्या चार वर्षं आधीचा. मोलाचा आहे, पण त्यातलं लेखन जुनं. पाठ करायला घेऊ नका.

मांडवीकिनारा
स्वयंपाकाचं राहिलं. तिथे पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर न्या. पण बाहेरचा दाब कमी असल्याने आतलं तापमानही इथल्यापेक्षा कमी राहतं, म्हणून तीन शिट्ट्यांच्या जागी पाच-सहा. रबरी रिंगा जास्तीच्या घ्या.

चुन्यो म्हणजे गोठवून वाळवलेला बटाटा. आपल्या सोड्यांसारखी वर्षाची बेगमी. जून-जुलैच्या कडक थंडीत बटाटे उघड्यावर एका थरात पसरतात. काही रात्री गोठले की दिवसा वितळल्यावर पायांनी तुडवून पाणी नि साल काढतात, मग उन्हात खडखडीत. ढगाळ रात्री आल्या तर गोठण नीट होत नाही आणि माल सडतो. शिजवण्याआधी रात्रभर भिजवून, पाणी बदलून, पिळून घ्यायचा; नाहीतर कडवट लागतो.

रिवाजात दोन गोष्टी. कोकाची पानं कोणी दिली तर दोन्ही हातांनी घ्यावीत. आणि पेयाचे पहिले थेंब जमिनीवर, पाचामामाला म्हणजे धरणीमातेला. राखणदाराला मान देणाऱ्या आपल्या मुलखात हे समजावून सांगावं लागू नये.

सुरंगी_वेंगुर्ले
खूप उपयोगी, देव बरं करो. मृतांच्या दिवसाचं काय? त्या ऑक्टोबरअखेर पोचतील.

मांडवीकिनारा
१ नोव्हेंबरला दुपारी बाराला आत्मे येतात आणि २ तारखेला दुपारी जातात, अशी श्रद्धा. घरात मेज मांडतात: मृताच्या आवडीचं जेवण, ऊस, कांद्याची पात आणि बाळाच्या आकाराचे पाव. म्हाळाचं पान वाढल्यासारखंच. जो येऊन मृताचं नाव घेऊन प्रार्थना म्हणेल त्याला पाव-फळं देतात, म्हणून सिस्टरांनी मोठी पिशवी न्यावी आणि दिलेलं नाकारू नये. नावं आधी कागदावर लिहून घ्या. चुकीचं नाव घेतलं तर घरच्यांना फार लागतं.