शोगुनच्याही मागे होजो

जपानबद्दल ‘सम्राट नामधारी, सत्ता शोगुनची (म्हणजे लष्करी शासकाची)’ असं म्हटलं जातं; हे मत कामाकुरा काळाला (बारावं ते चौदावं शतक) अर्धंच लागू पडतं. १२१९ मध्ये शोगुन सानेतोमोचा खून झाला आणि त्याच्या मिनामोतो घराण्याचा शोगुन वंश संपला. मग सम्राटाच्या राजधानीतून, क्योतोहून, एक तान्हं पोर शोगुनपदासाठी आणलं गेलं, कारभार मात्र होजो घराण्याच्या हाती! निवृत्त सम्राट गो-तोबा १२२१ मध्ये होजोंविरुद्ध उठला, हरला आणि ओकी बेटावर हद्दपार झाला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १२३२ चा होजो यासुतोकीचा ५१ कलमांचा कायदा. पहिलं कलम शिंतो देवस्थानांच्या देखभालीचं, दुसरं बौद्ध मंदिरांचं. म्हणजे राज्य आणि श्रद्धा वेगळी नव्हतीच. आणि निपुत्रिक स्त्रीला वारस दत्तक घेऊन त्याला आपली जमीन देता येई, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.