शब्दचर्चा : दुखवटा नेमका कोण पाळते?

अक्षरवेल :
प्रिन्स फिलिप (राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे पती) यांच्या निधनानंतर ब्रिटनमध्ये उमटलेल्या प्रतिक्रियांविषयीच्या एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. ९ एप्रिल २०२१ रोजी विंडसरच्या किल्ल्यात, शंभरी पूर्ण होण्यास दोन महिने उरले असताना त्यांचे निधन झाले आणि १७ एप्रिलच्या अंत्यविधीपर्यंत सरकारने राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. यावर मी 'ब्रिटिश जनतेने दुखवटा पाळला' असे वाक्य लिहिले होते. संपादकांनी ते खोडले. दुखवटा सरकारचा असतो, जनता 'शोकाकुल होते', असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण त्या लेखात शोकाकुल माणसांबरोबर कंटाळलेली आणि चिडलेली माणसेही आहेत. आपण काय लिहाल?

तळटीप :
'शोकाकुल' तर मुळीच नको. त्या दिवशी बीबीसीने पहिल्या आणि दुसऱ्या वाहिनीवर एकच शोकप्रसारण चालवले, चौथी वाहिनी बंद ठेवली, आणि त्यावर एक लाख नऊ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी तक्रारी नोंदवल्या. तक्रारींचा ओघ पाहून त्यांच्यासाठी वेगळा अर्जच ठेवावा लागला. दुसऱ्या बाजूला, करोनाच्या महासाथीमुळे गर्दी करू नका, फुलांऐवजी धर्मादाय संस्थांना देणगी द्या, असे सांगितलेले असतानाही लोक राजवाड्याच्या फाटकांशी फुले ठेवून गेले. 'पाळणे' हे वर्तनाविषयीचे क्रियापद आहे, भावनेविषयीचे नाही. मनात काही नसतानाही माणूस दुखवटा पाळू शकतो. म्हणून तुमचेच वाक्य अधिक प्रामाणिक आहे, फक्त 'जनतेने' याऐवजी 'अनेकांनी' करावे.

ओसरी :
तुम्ही सर्वजण दुखवट्याचा सरकारी अर्थ धरून बसला आहात. आमच्या साताऱ्याकडे दुखवटा म्हणजे तेराव्याला नातेवाइकांनी घरच्यांना दिलेली नवी वस्त्रे. माझ्या आजोबांच्या वेळी आजीच्या माहेरून आलेले लुगडे कोणाला दाखवायचे आणि कोणी नेसायचे, यावरून घरात जे बोलणे झाले ते मला अजून आठवते. जुन्या कागदपत्रांतही 'दुखवट्याची वस्त्रे' भेटतात. माझ्या मते हा शब्द 'दुःख' आणि 'पट' यांपासून आला. पट म्हणजे कापड.

तळटीप :
मग 'हातवटी'मध्ये कोणते कापड आहे, तेही सांगावे. वस्त्रांचा अर्थ खरा आहे, पण अर्थावरून व्युत्पत्ती बेतणे हा आपल्या सर्वांचाच लाडका छंद आहे.

ओसरी :
छंद असेल, पण अर्थ महत्त्वाचा आहेच. वस्त्रे नात्यातल्यांनी द्यायची असतात, तेव्हा दुखवटा हा नात्याचा व्यवहार ठरतो. त्या अर्थी खरा दुखवटा लंडनपेक्षा वानुआतूच्या तान्ना बेटावर पाळला गेला. तेथील काही गावांत फिलिप यांना दैवी पुरुष मानत आणि आपल्याच डोंगरातल्या देवतेशी त्यांचे नाते जोडत. बातमी कळल्यावर त्या गावांनी आपल्या रीतीने शोकविधी केले.

शुद्धमती :
मूळ प्रश्नातला पहिलाच शब्द परका आहे, त्याकडे कोणाचेच लक्ष नाही. 'प्रिन्स' कशासाठी? सत्ताधारी राणीच्या पतीला 'राजपती' असा सुटसुटीत शब्द घडवता येतो.

उंबरठा :
'राजपती'ला माझा विरोध आहे. भूपती, सेनापती, गजपती यांत पती म्हणजे स्वामी, त्यामुळे 'राजपती' हा राजांचाही राजा वाटतो. नवरा हा अर्थ घेतला तर आणखी पंचाईत, कारण आपल्याकडे 'सरपंचपती' हा शब्द रूढ झाला आहे आणि तो उपरोधाने वापरतात: खुर्ची बायकोची, कारभार नवऱ्याचा. फिलिप यांची गोष्ट नेमकी उलटी होती. त्यांना कोणतेही घटनात्मक काम नव्हते आणि सार्वजनिक समारंभात ते राणीच्या दोन पावले मागे चालत.

शुद्धमती :
मग 'राज्ञीपती' म्हणा. शब्द अवघड वाटला म्हणून इंग्रजीकडे धावायचे, ही सवय आपण कधी सोडणार?

तळटीप :
शब्द घडवण्यापूर्वी पदवी तपासावी. व्हिक्टोरिया राणीने १८५७ मध्ये आपले पती अल्बर्ट यांना 'प्रिन्स कॉन्सॉर्ट' ही जी खास पदवी दिली, ती फिलिप यांना कधीच मिळाली नाही. ते जन्माने ग्रीस आणि डेन्मार्कचे राजपुत्र होते, लग्नाआधी ती पदवी त्यांनी सोडली, लग्नाच्या वेळी १९४७ मध्ये एडिंबराचे ड्यूक झाले आणि १९५७ मध्ये राणीने त्यांना ब्रिटनचे प्रिन्स केले. इतके सगळे एका 'राज्ञीपती'त मावणार नाही. राणीचे यजमान म्हटले तर मात्र आमच्या मावशीला लगेच कळेल.

शुद्धमती :
थट्टा हा युक्तिवाद नव्हे.

अक्षरवेल :
माझा प्रश्न दुखवट्याचा होता. अंत्यविधीला महासाथीच्या नियमानुसार केवळ ३० जण होते आणि मुखपट्टी लावून एकटी बसलेली राणी पाहून, राजघराण्याशी एरवी काही देणेघेणे नसलेल्यांनाही वाईट वाटले, कारण त्याच नियमांखाली त्यांनी स्वतःच्या माणसांना निरोप दिला होता. त्या भावनेला काय म्हणावे?

तळटीप :
हळहळ. तिच्यासाठी नाते लागत नाही आणि सरकारी आदेशही लागत नाही.

उंबरठा :
हळहळीलाही थोडी आपुलकी लागते. आपल्याकडे पंतप्रधानांनी शोकसंदेश दिला, पण अनेकांना आठवले ते १९९७ मधले जालियनवाला बाग. तेथील फलकावरचा दोन हजार मृतांचा आकडा फुगवलेला आहे, असे फिलिप त्या भेटीत म्हणाले होते आणि आपल्याला हे डायरच्या मुलाकडून कळले, असेही त्यांनी सांगितले होते. 'मरणान्तानि वैराणि' हे ठीक आहे, पण ते रामाने म्हटले होते, आणि तेही जिंकल्यावर. निधनाच्या बातमीबरोबर जुना सल वर येतो, त्याला दुखवटाही म्हणता येत नाही आणि हळहळही नाही.

ओसरी :
त्याला आमच्याकडे 'उणेदुणे काढणे' म्हणतात आणि तेराव्यापर्यंत तेही थांबवतात.

उंबरठा :
मारणाऱ्याच्या मुलाचे ऐकून मृतांची संख्या कमी सांगितली, ते उणेदुणे कसे? हा हिशेब आहे.

शुद्धमती :
'हिशेब' अरबी आहे. 'गणना' चालेल.