1 कप = 250 ग्रॅम? सरसकट?

काटेकोर:
काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'कपाचे ग्रॅम करायला डोकं कशाला लागतं, 1 कप म्हणजे 250 ग्रॅम, जिन्नस कुठलाही असो.' खाली धन्यवादांची रांग! अहो, ते 250 मिलिलिटर आहेत, आणि तेही मेट्रिक कपाचे. अमेरिकन कप 237च्या आसपास, जपानी 200. अमेरिकन कप चमच्याने हलक्या हाताने मैदा भरून सपाट केलात तर 120-125 ग्रॅम भरतो. साखर 200, मध 340. म्हणजे या सल्ल्याने मैदा थेट दुप्पट. मी नवखी असताना असाच केक केला होता. सुरी त्यात उभी राहिली, एवढंच सांगते.

अंदाजपंचे:
आल्या वजनकाटेवाल्या. वीस वर्षं एकाच कपाने केक करतेय, एकही फसलेला नाही. सगळं त्याच कपाने मोजलं की प्रमाण आपोआप जुळतं. कप 200चा असो नाहीतर 250चा.

काटेकोर:
आणि अंडी? तुमचा कप मोठा झाला म्हणून अंडं मोठं होतं का?

अंदाजपंचे:
उत्तर देण्याची ही कुठली पद्धत?

काटेकोर:
बरं, सौम्य शब्दांत. परवा एकच कप पाच वेळा भरून काट्यावर ठेवला. 121, 138, 129, 152, 143. मैदा तोच, हातही तोच. डब्यात कप खुपसला की पीठ दाबलं जातं.

पीठपसारा:
काटेकोर यांच्याशी सहमत, पण काट्यांचं कौतुक पुरे. माझा काटा दोन मिनिटांत आपला आपण झोपतो! भांडं ठेवलं, शून्य केलं, मैदा घातला, कोको शोधायला वळले, परत येते तर काटा बंद. पुन्हा चालू केला की भांड्यासकट सगळं शून्य. आता कोको किती पडला ते देवाला माहीत. हे बनवणाऱ्यांनी कधी स्वतः केक केलाय का?

खमंग_कडा:
+१०००. माझा तर ब्रेडच्या पिठात मीठ घालताना झोपला. मीठ दोनदा पडलं. घरात अजून तो ब्रेड निघतो बोलण्यात.

अंदाजपंचे:
कप झोपत नाही.

काटेकोर:
बॅटरी वाचवायला असतं ते. जिन्नस आधी काढून ठेवायची शिस्त असेल तर...

पीठपसारा:
शिस्त? दोन लहान मुलं ओट्याला लोंबकळत असताना? तुमची शिस्त तुम्हाला लखलाभ.

खमंग_कडा:
विषय निघालाच आहे तर, ते 'मिली'चं बटण. काटा आकारमान मोजत नाही हो, वजनच मोजतो आणि पाणी समजून आकडा दाखवतो. 100 मिली तेल भरतं 92 ग्रॅमच्या आसपास. त्या बटणावर विसंबलात तर तेल जास्त पडणार.

अंदाजपंचे:
म्हणजे काटाही थापा मारतो. छान. आता सोड्याचं बोला. पाव चमचा सोडा तुमच्या काट्यावर मोजून दाखवा.

काटेकोर:
...नाही मोजता येत. पाव चमचा म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम, आणि साधा काटा एकेका ग्रॅमने उडी मारतो. चिमूट चिमूट टाकलं तर कित्येकदा आकडा हलतच नाही. सोडा, यीस्ट चमच्यानेच. झालं समाधान?

अंदाजपंचे:
अर्धं.

पीठपसारा:
माझ्या झोपणाऱ्या काट्याचं काय ते सांगा कुणीतरी.

खमंग_कडा:
रिकाम्या भांड्याचं वजन करून बुडाला न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवा. माझ्यावर 412 लिहिलंय, म्हणजे भांड्यावर. काटा झोपला तर भांडं उचलायचं, काटा चालू करायचा, भांडं परत ठेवायचं, 412 वजा. आधीच्या जिन्नसांचा आकडा तेवढा लक्षात हवा. आणि मधाला भांडं नकोच. बरणी काट्यावर ठेवून शून्य करा, मध ओता, बरणी परत ठेवा. उणे 85 दिसलं की पाव कप झाला. चाटायला चमचा उरत नाही, एवढाच तोटा.

अंदाजपंचे:
हे मधाचं करून बघेन. मैद्याला कपच.